चेहरा कुणाचा, धंदा कुणाचा?

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

वरसाव्याच्या बचत गटाच्या आम्ही बाया आज पुन्हा तुमच्याशी बोलायला बसलो आहोत. हातात काम असेल तर चालू राहू द्या, कान मात्र इकडे असू द्या.

नावाजलेल्या माणसाचं नाव, चेहरा, आवाज न विचारता धंद्यासाठी वापरला तर कायदा काय म्हणतो, हा आजचा विषय. तुम्ही म्हणाल, हे नट-नट्यांचं लफडं, आपला त्याच्याशी काय संबंध? संबंध आहे. आपण पाकिटं विकतो, म्हणजे जाहिरात करतो. आपण मोबाइल बघतो, म्हणजे खोट्या जाहिराती आपल्यापर्यंत येतात. आणि आपल्यालाही चेहरा आहे. या तिन्ही बाजूंनी आज बोलू.

सुरुवात आशाताईंपासून करू. आशा भोसले यांची ओळख करून द्यायची गरज नाही. चुलीपुढे, शिलाई मशीनवर, लोकलच्या डब्यात आपण त्यांना ऐकतच मोठ्या झालो. २९ सप्टेंबर २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती आरिफ डॉक्टर यांनी त्यांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला. आशाताई तेव्हा ९२ वर्षांच्या होत्या. तक्रार अशी, की कृत्रिम बुद्धिमत्ता, ज्याला आपण एआय म्हणतो, ती वापरून त्यांच्या आवाजाची हुबेहूब नक्कल तयार केली जात होती. कुणीही काहीही गावं आणि ते आशाताईंच्या आवाजात बाहेर पडावं, अशी सोय एका परदेशी कंपनीने करून दिली होती. शिवाय ऑनलाइन बाजारात त्यांच्या चित्राचे कपडे आणि पोस्टर विकले जात होते. यातल्या कशालाही त्यांची परवानगी नव्हती.

न्यायालयाने म्हटलं, की आवाज हा माणसाच्या ओळखीचाच भाग आहे. परवानगी नसताना कुणाचाही आवाज प्रसिद्ध व्यक्तीच्या आवाजात बदलून देणारं साधन लोकांना देणं, हा त्या व्यक्तीच्या हक्काचा भंग आहे. याआधी जुलै २०२४ मध्ये गायक अरिजित सिंह यांच्या प्रकरणातही याच न्यायालयाने असाच आदेश दिला होता.

आता यात नुकसान काय झालं, असं कुणी विचारेल. आशाताईंचा गळा तर त्यांच्याकडेच होता! हे समजायला आपल्याला वकिलाची गरज नाही, कारण आपण बचत गट चालवतो. बँक आपल्याला कर्ज कशावर देते? आपल्याकडे ना जमीन, ना दागिने. महिन्याच्या महिन्याला बचत भरली, हप्ता चुकवला नाही, नोंदवही चोख ठेवली, त्यातून जी पत उभी राहिली तिच्यावर देते. ती पत हेच आपलं भांडवल. आता समजा, कुणी आपल्या गटाचं नाव सांगून, आपला शिक्का मारून, परस्पर कर्ज उचललं. पेटीतला एक रुपयाही हलला नाही, तरी आपलं नुकसान झालं की नाही? झालं. आपली पत दुसऱ्याने वापरली.

नावाजलेल्या माणसाचा चेहरा आणि आवाज म्हणजे त्याची पतच असते. आशाताई १९४३ साली एका मराठी चित्रपटासाठी पहिल्यांदा गायल्या, तेव्हा त्या जेमतेम दहा वर्षांच्या होत्या. त्यानंतरच्या आठ दशकांच्या मेहनतीवर तो आवाज उभा आहे. न विचारता त्याची नक्कल विकणारा माणूस त्या मेहनतीवर परस्पर कर्ज उचलतो. आजचं आमचं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे: चेहरा ही पत आहे, आणि कुणाचीही पत त्याच्या सहीशिवाय वापरायची नाही.

आता कायदा. आपल्या देशात यासाठी वेगळा, स्वतंत्र कायदा नाही. न्यायालयांनी वेगवेगळ्या कायद्यांचे धागे जोडून हा हक्क विणला आहे. एक धागा राज्यघटनेच्या २१ व्या कलमाचा, म्हणजे जगण्याचा आणि प्रतिष्ठेचा. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली एका तमिळ साप्ताहिकाच्या खटल्यात सांगितलं होतं, की माणसाचं नाव किंवा चित्र त्याच्या संमतीशिवाय जाहिरातीसाठी वापरणं हा त्याच्या खासगीपणाचा भंग ठरतो. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. दुसरा धागा १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचा. त्यात गाणाऱ्याला, अभिनय करणाऱ्याला आपल्या सादरीकरणावर हक्क दिले आहेत. तिसरा धागा १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याचा, म्हणजे नाव, शिक्का, खूण नोंदवण्याचा. चौथा धागा जुन्या व्यापारी न्यायाचा. दुसऱ्याचा माल किंवा दुसऱ्याचा पाठिंबा असल्याचं भासवून आपला माल खपवायचा नाही, असा तो न्याय.

काही प्रकरणं सांगतो, म्हणजे धागे कसे जुळतात ते कळेल. अमिताभ आणि जया बच्चन यांनी तनिष्कच्या दागिन्यांची जाहिरात केली होती. त्यांचं तेच चित्र उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगरच्या एका सराफाने आपल्या दुकानाच्या फलकावर लावलं. तनिष्क चालवणारी टायटन कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि २०१२ साली न्यायालयाने त्या सराफाला मनाई केली. म्हणजे दुकान एखाद्या जिल्ह्याच्या गावात आहे, आपल्याला कोण बघतंय, असं म्हणून चालत नाही.

दुसरं प्रकरण रजनीकांत यांचं. खटल्याच्या कागदावर त्यांचं नाव आहे शिवाजीराव गायकवाड. बंगळुरूच्या मराठी कुटुंबातला हा मुलगा. त्यांच्या नावाचा वापर करून एक हिंदी चित्रपट निघत होता. २०१५ साली मद्रास उच्च न्यायालयाने तो रोखला आणि सांगितलं, की वापरलेली ओळख कुणाची हे लोकांना सहज कळत असेल, तर लोकांची फसगत झाली हे वेगळं सिद्ध करायची गरज नाही.

तिसरं प्रकरण तर आपल्या फोनमधलंच. 'तुम्हाला पंचवीस लाखांची लॉटरी लागली' असा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, वर अमिताभ बच्चन यांचा फोटो आणि 'कौन बनेगा करोडपती'चं चिन्ह. तुमच्यापैकी कित्येकींना तो आला असेल. नोव्हेंबर २०२२ मध्ये बच्चन दिल्ली उच्च न्यायालयात गेले, तेव्हा त्यांच्या तक्रारीत ही लॉटरीही होती. न्यायालयाने ओळखीच्या आणि अनोळखी, अशा सगळ्यांनाच त्यांचं नाव, फोटो, आवाज वापरायला मनाई केली. अनोळखी माणसाविरुद्ध आदेश कसा काढतात, असा प्रश्न आम्हालाही पडला होता. आपल्याकडच्या न्यायालयांत अशा नाव ठाऊक नसलेल्या माणसाला 'अशोक कुमार' म्हणायची पद्धत आहे. पत्ता नाही, चेहरा नाही, तरी कागदावर तो अशोक कुमार.

आता आपल्या भाषेशी जोडलेली दोन प्रकरणं. भाजणी झकास झाली, साडी झकास दिसते, असं आपण रोज म्हणतो. अनिल कपूर यांनी १९८५ च्या 'युद्ध' चित्रपटापासून हा शब्द आपल्या खास ढंगात इतका वापरला, की तो त्यांची ओळख झाला. २० सप्टेंबर २०२३ रोजी दिल्ली उच्च न्यायालयात न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी त्यांचं नाव, चेहरा, आवाज आणि त्यांच्या ढंगातलं 'झकास' हे सगळं व्यापारी गैरवापरापासून सुरक्षित केलं. दुसरं प्रकरण जॅकी श्रॉफ यांचं. त्यांचा शब्द 'भिडू'. खेळात आपल्या बाजूचा तो भिडू, हे आपल्याला लहानपणापासून माहीत. श्रॉफ यांच्याकडे या शब्दाचा नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे. मे २०२४ मध्ये ते दिल्ली उच्च न्यायालयात गेले, तेव्हा त्यांच्या चित्राचा माल विकणाऱ्यांबरोबर नावात 'भिडू' असलेलं एक शॉरमाचं हॉटेलही त्या प्रकरणात होतं.

हे ऐकून आमच्या गटात चांगलाच गलका झाला. एक मावशी म्हणाल्या, "म्हणजे आता झकास म्हणायला त्यांना पैसे द्यायचे काय? शब्द आमच्या आज्यापणज्यांचा!" मावशींचा राग खरा आहे. आम्ही त्यातून अर्थ घेतला तो असा: शब्द बोलायला, लिहायला, कौतुक करायला मोकळाच आहे. पण मिशीवाला हसरा चेहरा, तीच बोटांची खूण आणि त्याखाली 'झकास मसाला' असं छापलं, तर आपण शब्द विकत नाही, त्या माणसाची ओळख विकतो. मनाई त्याला आहे. तरीही भाषेतले शब्द एकेकाच्या नावावर किती चढवायचे, हा प्रश्न उरतोच, आणि मावशींसारख्यांनी तो विचारत राहिलं पाहिजे.

कारण या हक्कालाही मर्यादा आहेत. अनिल कपूर यांच्याच आदेशात न्यायालयाने सांगितलं, की प्रसिद्ध व्यक्तीबद्दल बातमी देणं, टीका करणं, विडंबन करणं हे बोलण्याच्या स्वातंत्र्यात बसतं. जॅकी श्रॉफ यांच्या प्रकरणात एका यूट्यूबरने त्यांच्या मुलाखतीचे तुकडे जोडून व्हिडिओ केला होता. न्यायालयाने तो लगेच हटवायला सांगितलं नाही, त्या मुलाचं म्हणणं आधी ऐकलं पाहिजे अशी भूमिका घेतली. म्हणजे गणपतीच्या कार्यक्रमात पोरं नटाची नक्कल करतात, हळदीकुंकवाला आपण आशाताईंची गाणी आपल्याच आवाजात म्हणतो, त्याला या आदेशांनी हात लावलेला नाही. प्रेम करा, चेष्टा करा, नावंही ठेवा. फक्त त्यांच्या तोंडून आपला माल विकू नका.

आता आपल्या धंद्याकडे येऊ. वरसाव्याला राहणाऱ्यांना शूटिंगचं अप्रूप नाही. घोडबंदर रस्त्यावर आणि पलीकडे मिरा रोड-काशिमिऱ्याच्या बाजूला मालिकांची कामं चालू असतात. नाक्यावर गाडी थांबली की काचेतून ओळखीचा चेहरा दिसतो. गेल्या वर्षी आमच्या मसाल्याच्या स्टॉलवर एक मालिकेतली अभिनेत्री थांबली. सुक्या बोंबलाची चटणी चाखली, दोन पाकिटं पैसे देऊन घेतली, आणि आमच्याबरोबर हसत सेल्फी काढला. तो फोटो सगळ्यांच्या स्टेटसला गेला. दिवाळीच्या आधी लेबलं छापायला टाकली, तेव्हा छापखानेवाला म्हणाला, "ताई, फोटो आहेच तुमच्याकडे. पाकिटावर टाका, माल दुप्पट जाईल. तिला कोण सांगायला जातंय?"

गटात दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, तिने स्वतः फोटो दिला, चटणीचं कौतुक केलं, मग छापायला काय हरकत? दुसऱ्या बाजूचं म्हणणं, फोटो तिने आपल्या प्रेमापोटी दिला, पाकिटासाठी नाही. बराच वेळ वाद झाला. दिवाळीचे चार पैसे सगळ्यांनाच हवे होते. कुणाच्या मुलाची फी थकली होती, कुणाच्या घराचं भाडं. शेवटी ठरलं, की विचारून तर बघू. एकीच्या भावाच्या ओळखीने तिच्या मॅनेजरपर्यंत निरोप गेला. उत्तर आलं, की मॅडमना तुमची चटणी आवडली, पण त्यांचा दुसऱ्या एका मसाल्याच्या कंपनीशी करार आहे. पाकिटावर फोटो छापला तर त्या करारात अडकतील.

मैत्रिणींनो, हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. आपण तिला मोठी बाई समजतो, तिचं काय बिघडणार असं धरून चालतो. पण तिचंही पोट कामावरच आहे, आणि आपल्या पाकिटामुळे तिचं काम गेलं असतं. तो सेल्फी आम्ही गटाच्या खोलीत भिंतीवर लावला. पाकिटावर वरसाव्याचं नाव आणि मसाला कुटणाऱ्या आमच्याच एका मावशींचा फोटो छापला, त्यांची लेखी संमती घेऊन. माल दुप्पट गेला नाही. पण नेहमीएवढा गेला, आणि चटणी संपल्यावर लोक मावशींना विचारत आले.

म्हणून लक्षात ठेवा, सेल्फीची परवानगी म्हणजे जाहिरातीची परवानगी नव्हे. इंटरनेटवरून उतरवलेला फोटो फुकट मिळाला, म्हणजे तो वापरायला मोकळा झाला असं नव्हे. "अमुक ताई आमचाच मसाला वापरतात" असं खोटं लिहिणं तर आणखी वाईट. ती ग्राहकाची फसवणूक आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाला दहा लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. आपला गट लहान म्हणून कायदा वेगळा होत नाही.

महापुरुषांच्या नावाचंही असंच. १९५० च्या बोधचिन्हं आणि नावांच्या गैरवापराविरुद्धच्या कायद्याच्या यादीत छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी, पंडित नेहरू, इंदिरा गांधी आणि देशाचे पंतप्रधान यांची नावं आणि चित्रं आहेत. सरकारच्या परवानगीशिवाय ती धंद्यासाठी वापरता येत नाहीत. कॅलेंडरला सूट आहे, तीही त्यावर मालाची जाहिरात नसेल तरच. कायद्याच्या आधी लोकांचं मनही असतं. पुण्याच्या साबळे-वाघिरे कंपनीच्या बिडीला संभाजी महाराजांचं नाव होतं. लोकांच्या विरोधानंतर २०२१ मध्ये ती 'साबळे बिडी' झाली. तेव्हा पापडाच्या पाकिटावर महाराजांचं चित्र टाकण्याआधी दहादा विचार करा. आदर असेल तर तो देव्हाऱ्याजवळ असू द्या, पाकिटावर नको.

आता दुसरी बाजू, आपण बघणाऱ्या. चोरलेल्या चेहऱ्याने त्या प्रसिद्ध माणसाचं नुकसान होतं, पण खिसा कापला जातो तो आपला. मे २०२३ मध्ये सचिन तेंडुलकर यांनी मुंबई पोलिसांच्या सायबर विभागाकडे तक्रार केली. त्यांचं नाव, फोटो आणि आवाज वापरून इंटरनेटवर औषधी मालाची जाहिरात चालली होती आणि त्यांचा त्याच्याशी काहीही संबंध नव्हता. जानेवारी २०२४ मध्ये तर त्यांचा एआयने केलेला खोटा व्हिडिओ फिरू लागला. त्यात सचिन स्वतः एका गेमिंग अ‍ॅपची शिफारस करताना आणि आपली मुलगी त्यातून पैसे कमावते असं सांगताना दिसत होते. चेहरा त्यांचा, आवाज त्यांच्यासारखा, शब्द भलत्याचे. सचिन यांनी स्वतः समाजमाध्यमावर लिहून हा व्हिडिओ खोटा असल्याचं सांगितलं.

आपल्या घरातला तरुण मुलगा असा व्हिडिओ बघून गटाच्या कर्जाचे पैसे त्या अ‍ॅपमध्ये घालू शकतो. म्हणून घरी सांगून ठेवा: फोनमध्ये मोठा माणूस पैसे दुप्पट करायला, वजन उतरवायला, लॉटरी घ्यायला सांगत असेल, तर तो माणूस तो नाहीच असं धरून चाला. पैसे गेलेच, तर रडत बसू नका, लाजू नका. लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा देशभराचा क्रमांक आहे. जितक्या लवकर फोन, तितकी पैसे अडवून धरण्याची शक्यता जास्त. संगणकाच्या आधारे दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ ड कलमाखाली गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे.

तिसरी बाजू सगळ्यात महत्त्वाची. आपला चेहरा.

मुंबई उच्च न्यायालयात मार्च २०२५ मध्ये एका बाईची याचिका आली. ती नटी नाही, गायिका नाही, आपल्यासारखीच साधी बाई. ओळखीच्या एका छायाचित्रकाराने तिचा फोटो काढला आणि तिला न विचारता फोटो विकणाऱ्या एका परदेशी संकेतस्थळावर टाकला. तिथून तो कुठे कुठे गेला ऐका. आपल्या महाराष्ट्रासह चार राज्यांच्या सरकारांच्या जाहिरातींत, केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाकडे, आणि एका राजकीय पक्षाच्या प्रचारात, असं तिचं म्हणणं. न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी आणि न्यायमूर्ती अद्वैत सेठना यांच्या पीठाने हे गंभीर असल्याचं म्हटलं. हा प्रथमदर्शनी एका स्त्रीच्या फोटोचा व्यापारी वापर दिसतो असं नोंदवून त्यांनी सगळ्यांकडून उत्तर मागवलं. फोटो काढणाऱ्याचा हक्क फोटोवर असू शकतो, पण त्यातला चेहरा त्या बाईचाच राहतो.

अशी गोष्ट आमच्या गटातल्या एका वहिनींच्या बाबतीतही घडली. एका प्रदर्शनात स्टॉलवर बसलेल्या असताना कुणीतरी त्यांचा फोटो काढला. हातात पैसे, चेहऱ्यावर हसू, छान फोटो. काही महिन्यांनी तोच फोटो एका खासगी कर्ज मिळवून देणाऱ्याच्या पत्रकावर आला. वर लिहिलेलं, 'घरबसल्या कर्ज, कागदपत्रांची गरज नाही'. वस्तीतल्या दोघीजणींनी वहिनींचा फोटो बघून त्या माणसाला आगाऊ फी भरली. कर्ज आलं नाही, माणूस फोन उचलेना. त्या दोघी वहिनींच्या दारात आल्या. "तुमचं तोंड बघून आम्ही पैसे दिले," म्हणाल्या. वहिनींनी त्या माणसाला कधी पाहिलंही नव्हतं. दहा वर्षं गटाचे हिशेब ज्यांनी चोख ठेवले, त्या बाईवर शेजारणींपुढे शपथा घ्यायची वेळ आली. कितीतरी दिवस त्या पाणी भरायलाही बाहेर पडत नव्हत्या.

आम्ही सगळ्या मिळून उभ्या राहिलो. पत्रक जपून ठेवलं, मूळ फोटो कुठला ते शोधलं, पोलिसांत लेखी तक्रार दिली, वस्तीत बैठक घेऊन सगळ्यांसमोर खरं काय ते सांगितलं. नाक्यावरची पत्रकं उतरली. दोघींचे पैसे मात्र परत आले नाहीत. वहिनी आता पुन्हा हिशेब बघतात, पण कुणी मोबाइल वर धरला की तोंड फिरवतात.

इथे मोठ्या माणसांचा कायदा आणि आपला कायदा यांतलं अंतर दिसतं. हक्काचं मूळ एकच. पण नटाकडे वकील असतो, तो थेट उच्च न्यायालयात जातो आणि अशोक कुमारविरुद्धही आदेश मिळवतो. त्याच्या चेहऱ्याची बाजारातली किंमत कागदावर दाखवता येते. वहिनींच्या चेहऱ्याची किंमत फक्त त्यांच्या गल्लीला ठाऊक होती, आणि ती गेली तेव्हा पावती मिळाली नाही. हे अंतर भाषणांनी भरणार नाही. पण आपल्या हातात जे आहे ते करता येईल.

एक, गटाच्या दप्तरात फोटोची एक नोंदवही ठेवा. कुणी, कधी, कशासाठी फोटो काढला, कुठे छापणार, किती दिवस वापरणार, आणि खाली ज्या बाईचा फोटो तिची सही किंवा अंगठा. बँकवाले येवोत, संस्थावाले येवोत, सरकारी साहेब येवोत, आधी नोंदवही पुढे करायची. साहेबांपुढे अवघड वाटतं, पण एकदा सवय लागली की तेच मागतात. 'नको' म्हणणाऱ्या बाईला गटाने टोमणा मारायचा नाही, तिचं कर्ज किंवा प्रशिक्षण त्यावर अडवायचं नाही.

दोन, आपलं चित्र किंवा बनावट व्हिडिओ कुठे दिसला, तर आधी पुरावा ठेवा. स्क्रीनशॉट, लिंक, तारीख. रागाच्या भरात दुसऱ्यांना पाठवू नका, त्याने तोच पसरतो. ज्या अ‍ॅपवर तो आहे तिथे तक्रार नोंदवा. दुसऱ्याचं सोंग घेणारी, चेहरा बदललेली चित्रं तक्रार आल्यावर हटवण्याचं बंधन २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी या कंपन्यांवर घातलं आहे. मग पोलीस ठाणं आहेच.

तीन, वकिलाच्या फीला घाबरू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रियांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क दिला आहे. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही, बाई असणं पुरेसं आहे. आपल्यासाठी ठाण्याचं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, आणि १५१०० हा मदतीचा क्रमांक आहे. हा आकडा आताच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

चार, दुसऱ्याचा चेहरा वापरायचा मोह झाला, तर आपल्या वहिनी आठवा. जे आपल्याला टोचलं ते दुसऱ्याला टोचणारच, मग ती पडद्यावरची का असेना.

पुढच्या बैठकीत हे सगळं आपापल्या गटात वाचून दाखवा. नोंदवही कशी आखायची हे विचारायचं असेल, तर महिन्याच्या पहिल्या शनिवारी वरसाव्याला या, आम्ही आमची दाखवू. चहा आमच्याकडे, बोंबलाची चटणीही.